ब्रेस्ट ऑग्मेंटेशननंतरचे दिवस: ठाण्यातल्या घरात सावरताना

सहाव्या दिवशी दुपारी बेल वाजली. पार्सल आलं होतं. घरात मी एकटीच होते, दुखणंही बरंच उतरलं होतं. सवयीने कडी काढली आणि सेफ्टी डोअर उजव्या हाताने बाहेर ढकललं. त्याबरोबर उजव्या छातीत आतून काहीतरी ओढल्यासारखं झालं आणि मी चपलांच्या स्टँडला टेकून तशीच उभी राहिले. सर्जनना फोन केला, संध्याकाळी दाखवून आले. टाके जागेवर होते, सूज वाढलेली नव्हती, स्नायू ताणला गेला होता एवढंच. पण तेव्हापासून मला कोणी या, म्हणजे आत इम्प्लांट (सिलिकॉनची पिशवी) घालून स्तनांचा आकार वाढवण्याच्या, ऑपरेशनबद्दल विचारलं की मी आधी हातांबद्दल सांगते, छातीबद्दल नंतर.

कारण असं आहे. छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, छातीच्या मधल्या हाडापासून निघतो आणि दंडाच्या हाडाला जाऊन मिळतो. आपण ढकलतो, ओढतो, दाबतो, उचलतो, तेव्हा तोच कामाला लागतो. पुष्कळदा इम्प्लांट पूर्ण किंवा अर्धवट याच स्नायूखाली ठेवतात. म्हणजे जखम झालेली, ताणलेली जागा आणि दार ढकलणारा स्नायू एकच. इम्प्लांट स्नायूच्या वर ठेवलं असेल तर दुखणं थोडं कमी असतं, पण इम्प्लांटसाठी आत केलेला कप्पा भरून यायला वेळ तेवढाच लागतो.

मी घोडबंदर रोडला राहते, दोन मुलं आहेत, नोकरी ऐरोलीत. ऑपरेशन होऊन वर्ष उलटून गेलं. खाली लिहिलंय ते स्वतः भोगून आणि माझ्या सर्जनना विचारून विचारून जमा केलेलं आहे. माझ्या लिहिण्यात आणि तुमच्या डिस्चार्ज पेपरात फरक दिसला तर पेपरात आहे तेच करा.

तारीख ठरवताना

पूर्ण सहा आठवडे मोकळे धरा. त्यातले पहिले दोन आठवडे घरात दुसरं मोठं माणूस हवंच. पुढे लग्न, बारसं, घर बदलणं, गणपती असं काही असेल तर तारीख पुढे ढकला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऑपरेशन करून नवरात्रात गरबा खेळायचा बेत एका मैत्रिणीचा होता. तिला मी हात जोडून थांबवलं. गरब्यात हात वर जातात, उड्या असतात, गर्दीत कोपर लागतं, आणि हे तिन्ही त्या काळात नको असतं.

ऋतूही बघा. सर्जिकल ब्रा चार ते सहा आठवडे दिवसरात्र अंगावर असते. ठाण्यातल्या मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात ती घालून झोपून बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. घामोळं येतं, पट्टीखाली खाज सुटते. मी दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात केलं, त्याचा मला फार फायदा झाला.

सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. आरोग्य विमा कॉस्मेटिक ऑपरेशनचा खर्च देत नाही, आणि बिलावर जीएसटीही लागतो. तेव्हा अंदाजपत्रक मागताना सगळं धरून किती ते लेखी घ्या.

तंबाखूबद्दल सर्जन विचारतील तेव्हा खरं बोला. आपल्याकडे सिगारेट न ओढणाऱ्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि ‘तंबाखू घेता का’ या प्रश्नाला सरळ नाही म्हणतात. मिश्रीतही निकोटीन असतंच. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं आणि टाके उसवण्याची, जंतुसंसर्गाची भीती वाढते. साधारण चार आठवडे आधी बंद करायची आणि नंतरही तेवढे दिवस बंदच ठेवायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल, वजन कमी करायची कुठली चूर्णं चालू असतील तर तीही सांगा.

घरात खरं कोणाला सांगायचं

हा भाग कुठल्याच पत्रकावर नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवऱ्याला माहीत होतंच. सासूबाईंना मात्र मी ‘छातीत साधी गाठ आहे, काढून टाकणार’ असं सांगितलं. मला वाटलं, विषय मिटला. त्यांनी साताऱ्याला फोन केला, तिथून मावशींना गेला, आणि मी हॉस्पिटलातून घरी यायच्या आत अर्ध्या नातेवाइकांनी मला कॅन्सर ठरवून टाकला होता. मावशी फोनवर रडत होत्या. घरी आल्यावर दुसऱ्या रात्री मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या मुलानंतर माझं शरीर मला परकं वाटत होतं, तीन वर्षं विचार केला, माझ्या पगारातून पैसे साठवले, हेही. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलल्या नाहीत. चारच्या चहानंतर तेलाची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘‘केस बघ कसे झालेत. हात वर करू नकोस, मी लावते.’’

ही गोष्ट सांगण्यामागे एक व्यवहाराचं कारण आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत एखादी बाजू अचानक फुगली, ताप चढला, तर बघणाऱ्या माणसाला नेमकं काय झालंय हे माहीत असायला हवं. ‘गाठ काढलीय’ एवढंच ठाऊक असलेलं माणूस सूज बघून ‘ऑपरेशन झालंय, सुजणारच’ म्हणेल आणि तुम्हाला झोपवून ठेवेल. सोसायटीला, ऑफिसला, भिशीतल्या बायकांना काही सांगायची गरज नाही. त्यांना ‘छोटं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलीय’ एवढं पुरतं. पण घरात जो रात्री तुमच्याजवळ असणार आहे, त्याच्यापासून लपवू नका.

घर कमरेच्या उंचीवर आणा

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी हे काम करा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून घरभर फिरा आणि ज्या ज्या गोष्टीसाठी कोपर सुटतं ती गोष्ट खाली काढा. मी तासाभरात पिशवीभर सामान उतरवलं: चहा-साखरेचे डबे, औषधांचा डबा, चार्जर, टॉवेल, मुलांचे टिफिन, देव्हाऱ्यातली काडेपेटी. आमचं देवघर उंचावर आहे, तर दोन आठवडे दिवा मुलीने लावला.

उंचीइतकाच जोराचाही विचार करा. सेफ्टी डोअर झालंच. आपल्या फ्लॅटच्या सरकत्या खिडक्या, ज्या पावसानंतर हमखास अडकतात, त्या आधीच हव्या तेवढ्या उघडून ठेवा. सरकत्या दारांचं कपाट असेल तर तुमचे रोजचे कपडे बाहेर खुर्चीवर काढा. कुकरचं झाकण, लोणच्याच्या बरणीचं झाकण, भरलेली बादली, दळणाचा डबा, पाण्याची २० लिटरची बाटली, वाळत घालायच्या स्टँडची दोरी, हे सगळं दुसऱ्याचं काम. कणीक मळणं आणि पोळ्या लाटणं ही तर छातीच्या स्नायूचीच कामं आहेत. त्याची तडजोड आधी करा: पोळ्यांना बाई लावा, नाहीतर महिनाभर पोळी-भाजी केंद्रातून आणा. आमच्याकडच्या मावशींनी सहा आठवडे पोळ्या करायला एका शब्दात होकार दिला आणि कारण विचारलं नाही. त्यांचे उपकार आहेत.

कपडे पुढून उघडणारे हवेत. बटणांचे गाऊन, नवऱ्याचे जुने सैल शर्ट, चेनचं जॅकेट चालेल. डोक्यातून घालायचा कुर्ता तीन आठवडे कपाटातच राहू दे. सर्जिकल ब्रा दोन घ्या, एक धुवायला गेली की दुसरी हवी. मंगळसूत्र, बांगड्या, नथ ऑपरेशनला काढतातच. मंगळसूत्र लगेच परत घालायची घाई करू नका, लांब असेल तर वाट्या नेमक्या पट्टीवर घासतात.

लहान मूल असेल तर त्याला आधीपासून सवय लावा. माझा धाकटा तेव्हा चार वर्षांचा, वजन १५ किलो. त्याला आठ दिवस आधी शिकवलं की आईच्या मांडीवर यायचं तर सोफ्यावर आपणहून चढायचं आणि बाजूने टेकायचं. धावत येऊन छातीवर झेप घ्यायची नाही. सोफ्याच्या त्या बाजूला मी एक उशी कायम ठेवायचे, ढालीसारखी.

पहिले तीन दिवस

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, साधारण एक ते दोन तास लागतात. काहींना त्याच दिवशी सोडतात, मला एक रात्र ठेवलं. शुद्धीवर आल्यावर घसा खवखवतो, कारण श्वासासाठी नळी घातलेली असते. मळमळतं. थंडीने कुडकुडल्यासारखं होतं. हे काही तासांत जातं.

घरी येताना रिक्षा नको. गाडीत पुढची सीट मागे झुकवून बसा आणि सीटबेल्ट व छाती यांच्यामध्ये छोटी उशी किंवा घडी घातलेला टॉवेल धरा. घोडबंदरचे खड्डे आणि गतिरोधक तुम्हाला एकेक करून मोजता येतील. आम्ही मुद्दाम सकाळची गर्दी टाळून माजिवड्याहून निघालो आणि नवऱ्याने गाडी बैलगाडीच्या वेगाने आणली. मागून हॉर्न वाजत होते, वाजू दिले.

दुखणं कसं असतं? मला टोचण्या-कापण्यासारखं फार वाटलं नाही. छातीवर कोणीतरी जड पाटा ठेवलाय आणि वरून पट्टा आवळलाय, असं वाटायचं. खोल श्वास घेतला की ताण. पहिले ४८ ते ७२ तास हे जोरात असतं. गोळ्या घड्याळ लावून घ्या. दुखायला लागल्यावर घेऊ म्हटलं की दुखणं पुढे आणि गोळी मागे, अशी शर्यत होते. मात्र घरातल्या डब्यातलं स्वतःच्या मनाने काही मिसळू नका. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉलही असतं, डोलो ६५० म्हणजे पॅरासिटामॉलच, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही ते असतं. तिन्ही घेतल्या तर पॅरासिटामॉलचा डोस कळत नकळत वाढतो आणि यकृताला जाच होतो. अँटिबायोटिक दिलं असेल तर बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा.

झोपायचं पाठीवर, आणि डोकं-पाठ ३० ते ४५ अंश उंच ठेवून. रिक्लायनर असेल तर उत्तम. आमच्याकडे नव्हता, तर दोन जाड उशा पाठीमागे, एक गुडघ्यांखाली, आणि झोपेत कुशीवर वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोड लावले.

उठायची पद्धत शिकून घ्या, मदत करणाऱ्यालाही शिकवा. तळहात गादीवर दाबून उठायचं नाही, कोणी हाताला धरून ओढायचंही नाही. गुडघे वाकवा, पाय गादीवरून खाली सोडा, मदत करणाऱ्याने तुमच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळहात सपाट ठेवून हळूच आधार द्यायचा. तुमचे हात मांडीवर. जोर पायांचा आणि पोटाचा. नवऱ्याला हे जमायला दोन रात्री लागल्या. पहिल्या रात्री त्याने प्रेमाने दंड धरला आणि मी किंचाळले.

आणि चालायचं. पहिल्याच संध्याकाळपासून, हॉल ते स्वयंपाकघर का होईना, दिवसा दर दोन-तीन तासांनी. पडून राहिलं तर पोटरीत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. बसल्या बसल्या पावलं वर-खाली करत राहा. खांदे पुढे काढून कुबड काढून चालायची इच्छा होते, त्याने दोन दिवसांत पाठ धरते. खांदे सैल, मान सरळ.

चौथ्या दिवसाचं रडू

चौथ्या दिवशी मी न्हाणीघरात आरशासमोर उभी राहून रडले. सूज, काळंनिळं, दोन्ही बाजू वेगवेगळ्या, वरून फुगीर आणि खालून सपाट, जणू गळ्याखाली दोन वाट्या उपड्या मारल्यात. ‘हे काय करून बसले मी’ असं वाटलं. भुलीचा उतरता असर, गोळ्या, अपुरी झोप, घरात अडकून पडणं, या सगळ्याने त्या दोन-तीन दिवसांत मन खचतं. बऱ्याच जणींना होतं. त्या आठवड्यात आरशावरून काही ठरवू नका, आणि दुसऱ्या कोणाच्या फोटोंशी तुलना तर मुळीच नको. मन खचलेलं दोन-तीन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं तर मात्र डॉक्टरांशी बोला.

याच दिवसांत पोट साफ होत नाही. तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी आतडी सुस्तावतात आणि कुंथायला जोर करता येत नाही. पहिल्या दिवसापासून पाणी, ताक, पपई, भाज्या, रात्री इसबगोल. जेवण साधं: मऊ भात, मुगाचं वरण, अंडं, पनीर, डाळी. जखम भरायला प्रथिनं लागतात. पापड-लोणच्याचं मीठ सूज धरून ठेवतं, ते जरा आवरा. माझ्या वेळी मार्गशीर्षातले गुरुवार आले होते. रिकाम्या पोटी त्या गोळ्या घेतल्या तर पोटात आग पडते, म्हणून त्या वर्षी उपवास आईंनी माझ्या वाटचाही केला.

अंघोळ केव्हा, हे ड्रेसिंगवर ठरतं. पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी परवानगी मिळते, तोवर अंग पुसून घ्या. जखमेवर हळद, लेप, तेल, कोरफड काहीही लावायचं नाही. शेकायचं अजिबात नाही, आणि हे मी ठासून सांगते. छातीची कातडी तेव्हा बधिर असते. गरम पिशवी किती गरम आहे ते तुम्हाला कळत नाही आणि भाजल्याचं नंतर दिसतं. बर्फही थेट ठेवू नका. बाळंतपणात मालीश करणाऱ्या बाई ‘हलक्या हाताने चोळून देते’ म्हणाल्या तरी नाही म्हणा. काही सर्जन ठराविक प्रकारचा मसाज शिकवतात, काही सक्त मनाई करतात. शिकवला असेल तेवढाच, तसाच, स्वतःच्या हाताने करायचा.

लोकल, रिक्षा, स्कूटर

टेबलावरचं काम असेल तर आठवड्याभरात बसून करता येतं. मी दुसरा आठवडा घरूनच काम केलं. अडचण ऑफिसात नव्हती, वाटेत होती. ठाण्याहून ऐरोली म्हणजे जेमतेम काही मिनिटांचा प्रवास, पण लोकलमध्ये वरची कडी धरायची म्हणजे नेमकी मनाई असलेली हालचाल. त्यात लेडीज डब्यातला उतरतानाचा रेटा. सहा आठवडे मी लोकलमध्ये पाय ठेवला नाही. कॅबला पैसे गेले, ते आधीच खर्चात धरा. रिक्षात आपण वळणावर नकळत समोरचा दांडा घट्ट धरतो, तो ओढाही छातीवर येतो. म्हणून रिक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर, जवळच्या अंतरापुरती.

गाडी चालवायची ती झोप आणणाऱ्या गोळ्या पूर्ण बंद झाल्यावर, आणि स्टिअरिंग गरकन फिरवता येतं, अचानक ब्रेक दाबता येतो अशी खात्री झाल्यावर. साधारण एक-दोन आठवडे लागतात. स्कूटरचं वेगळं आहे. खड्ड्यांचे हादरे हँडलमधून थेट खांद्यांत येतात, आणि मेन स्टँडवर गाडी चढवताना जो हिसका द्यावा लागतो त्याने माझ्यासारखंच ओढून घ्याल. मला सहा आठवडे बंदी होती.

व्यायामात चालणं पहिल्यापासून. मी दोन आठवड्यांनी उपवन तळ्याला संध्याकाळी हळूहळू एक फेरी मारायला लागले आणि मन त्यानेच जाग्यावर आलं. पळणं, योगासनं, वजनं सहा आठवड्यांनंतर आणि विचारून. दंड, प्लँक, भुजंगासन सगळ्यांत शेवटी. पोहण्याचा तलाव, समुद्र, रिसॉर्टची सहल जखमा पूर्ण भरेपर्यंत नाही.

विचित्र वाटेल, पण घाबरू नका

पहिल्या काही आठवड्यांत वाकताना आतून गुळगुळ किंवा कुरकुर असा आवाज येतो. कप्प्यात राहिलेली हवा आणि पाणी जिरेपर्यंत तो येत राहतो. रात्री दीडला मी नवऱ्याला उठवून ऐकवला होता. सकाळी उठल्यावर छाती दगडासारखी आखडलेली असते, तासाभराने सुटते. स्तनाग्रं बधिर होतात किंवा उलट इतकी हुळहुळी की कापडाचा स्पर्श सोसवत नाही. मधूनच विजेसारखी चमक येते, नसा पूर्ववत होताना ती येते. संवेदना परत यायला आठवडे ते महिने लागतात आणि काही जणींना ती पूर्ण येत नाही. हे ऑपरेशनच्या आधी स्वतःशी मान्य केलेलं असावं. स्तनाखाली दोरीसारखी ताठ शीर लागली तर ती बहुधा आपोआप जाते, तरी पुढच्या भेटीत दाखवा.

वर चढलेली छाती हळूहळू खाली उतरून मऊ होते. सहा आठवड्यांत फरक दिसतो, तीन महिन्यांत आकार कळतो, पूर्ण बसायला सहा महिनेही लागतात. दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरत नाहीत. माझी डावी बाजू आधी खाली आली, उजवी तीन आठवडे मागे होती.

ताबडतोब फोन करायचा तेव्हा

हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, सर्जनचा आणि हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर वर लिहून. तो नंबर डिस्चार्जच्या वेळी मागून घ्या आणि तिथेच लावून बघा.

एक बाजू दुसरीपेक्षा अचानक मोठी, घट्ट, दुखरी झाली तर आत रक्त साचत असू शकतं. हे बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होतं आणि सकाळची वाट बघायची नसते. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, लाली पसरत चालली, जखमेतून पू किंवा वास येऊ लागला, टाक्यांची कड उघडली, तर त्याच दिवशी. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तरीही त्याच दिवशी. श्वास लागला किंवा छातीत कळ आली तर सर्जनच्या फोनची वाट न बघता १०८ ला फोन करा.

काही त्रास उशिरा येतात. इम्प्लांटभोवती शरीर पातळ आवरण तयार करतंच, पण ते कधी कधी घट्ट होत जातं, छाती कडक होते, आकार बिघडतो. आणि काही वर्षांनी एखादी बाजू विनाकारण सुजली तर ती दाखवायचीच. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांट्सशी जोडलेला एक दुर्मीळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) त्याच रूपात दिसतो. अशा काही इम्प्लांट्स २०१९ मध्ये बाजारातून परत घेतल्या गेल्या. तुमचं इम्प्लांट गुळगुळीत की खरबरीत, हे आधीच विचारून ठेवा.

व्रण, ब्रा आणि ते कार्ड

टाके विरघळणारे नसतील तर आठवड्या-दोन आठवड्यांत काढतात. व्रण पहिले काही महिने लाल, जाडसर दिसतो आणि फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष घेतो. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी सर्जन सांगतील तशी. तुमच्याकडे कान टोचल्यावरही गाठ येण्याची खोड असेल, तर ते आधीच सांगून ठेवा.

तारेची ब्रा निदान सहा आठवडे नाही, आणि नवी ब्रा तीन महिन्यांच्या आत विकत घेऊ नका. मी दुसऱ्याच महिन्यात उत्साहाने गोखले रोडवरून दोन महागड्या आणल्या. त्या आता बहिणीकडे आहेत.

पुढे कधी मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) करायची वेळ आली तर नाव नोंदवतानाच इम्प्लांट असल्याचं सांगा, त्यांना वेगळ्या पद्धतीने फोटो घ्यावे लागतात. दूध पाजणं बहुतेकींना जमतं, पण खात्री देता येत नाही. अजून मूल हवं असेल तर हा विषय ऑपरेशनच्या आधी सर्जनसमोर काढा.

डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचं कार्ड मिळतं: कंपनी, आकार सीसीमध्ये, सीरियल नंबर, लॉट नंबर. ते मागून घ्या, लगेच दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि घरातल्या ‘खरं माहीत असलेल्या’ माणसालाही पाठवा. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे कधीतरी ते बदलावं किंवा काढावं लागू शकतं आणि तेव्हा हे नंबर लागतात. सिलिकॉन इम्प्लांट आतल्या आत फाटलं तर बाहेरून कळतही नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएची (तिथली औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) शिफारस अशी आहे की पाच-सहा वर्षांनी पहिल्यांदा एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. माझं कार्ड मुलांच्या लसीकरणाच्या फाइलीत आहे, पहिल्या तपासणीची तारीख फोनच्या कॅलेंडरात घातलेली आहे, आणि तीच तारीख आईंनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवली आहे. दरवर्षी नवं कालनिर्णय आलं की त्या ती न सांगता उतरवून घेणार आहेत, असं त्यांनी मला बजावलंय.